न फोडलेलं पाकीट

१

ताटलीवर एकही वलय नव्हतं.

डॉ. शोशाना आपटेकरने काचेची ताटली पुन्हा एकदा खिडकीच्या उजेडात धरली. ताटलीतल्या जेलीवर जंतूंची दाट साय धरली होती आणि सायीवर औषधांच्या बारा चकत्या मांडलेल्या होत्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवतीचे जंतू मरतात आणि स्वच्छ वलय उमटतं. इथे साय थेट चकत्यांच्या कडेला येऊन टेकली होती. बारापैकी एकाही औषधाला हा जंतू भीक घालत नव्हता.

"मॅडम, चुकून मागच्याच आठवड्यातली ताटली तर नाही ना दिली मी?" तंत्रज्ञ वल्लरीने विचारलं. आपण चुकलो असलो तर बरं, असा तिचा चेहरा होता.

शोशानाने झाकणावरचं नाव वाचलं. उदयसिंह परदेशी, आयसीयू, खाट तीन. तारीख रविवारची.

"नाही गं. नवीच आहे."

पनवेलच्या त्या दीडशे खाटांच्या इस्पितळात शोशाना प्रयोगशाळेची प्रमुख होती. कुणाला कुठून जंतू लागला हे शोधणं हेही तिचंच काम. सोळा दिवसांपूर्वी कमळाकर मढवींची बायपास झाली, ताप भरला आणि आठव्या दिवशी ते गेले. मग आशालता गद्रे. बायपासच, तोच ताप, मागच्या शुक्रवारी गेल्या. आता उदयसिंह. तिघांच्या फुप्फुसांत एकच जंतू, क्लेबसिएला, आणि तिघांच्या ताटल्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या. योगायोग म्हणायची सोय उरली नव्हती. जंतूने इस्पितळात कुठेतरी बिऱ्हाड केलं होतं.

फोन वाजला. निसीम, तिचा नवरा, चौथ्या मजल्यावरून.

"शोशू, इथल्या भाजीला काही चव द्यायला सांग की. मीठ नाही, तिखट नाही. गाईने तरी खाल्ली असती का, शंका आहे."

"हृदयाच्या पेशंटला हेच मिळतं."

"ते कळलं. बरं, तो व्यायाम करून घेणारा दीपेश येऊन गेला. म्हणाला, काका, तुमची फुप्फुसं पंचविशीतली आहेत."

"दीपेश सगळ्यांना तेच म्हणतो," ती म्हणाली आणि हसून फोन ठेवला.

तिने ताटली टेबलावर ठेवली. आज मंगळवार. गुरुवारी सकाळी आठला निसीमचीही छाती उघडणार होती. आणि त्यानंतर त्याला ज्या आयसीयूत आणणार होते, तिथल्याच तीन नंबरच्या खाटेवरून ही ताटली आली होती.

२

"पुढे ढकला," शोशाना म्हणाली.

डॉ. निनाद वर्तक हृदयाचा सर्जन. त्याने पडद्यावर निसीमच्या हृदयाचं चित्र लावलं आणि पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली.

"मुख्य धमनी, मॅडम. नव्वद टक्के बंद. फार तर एक दिवस थांबेन, जास्त नाही. आणि दुसरीकडे हलवायचं म्हणाल, तर वाटेत काही झालं तर गाडीत मी नसेन."

"तिघंही तुमचे पेशंट होते, डॉक्टर."

निनादचा चेहरा ताठरला. "माझ्या हातांवर संशय आहे?"

"आहे. पुढे करा."

मग त्याने दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. शोशानाने ओल्या बोळ्याने बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसून घेतलं.

"एक सांगू?" निनाद हात मागे घेत म्हणाला. "या सोळा दिवसांत मी नऊ छात्या उघडल्या. सहा जण ठणठणीत घरी गेले. जंतू माझ्या हातात असता तर त्याने निवड कशी केली असती? आणि कृपा करून हे खाली बोलू नका. एकदा बोभाटा झाला की ओपीडीत कावळाही फिरकणार नाही."

दुसऱ्या मजल्यावर आयसीयूत मनिषा सिस्टर तिची वाटच बघत होती, कंबरेवर हात ठेवून.

"या, घ्या नमुने. सगळीकडचे घ्या. माझ्या आयसीयूत जमिनीवर पान मांडून जेवता येईल, मॅडम."

शोशानाने एक्केचाळीस ठिकाणचे नमुने घेतले. खाटांचे कठडे, व्हेंटिलेटरची बटणं, बेसिनची जाळी, पडद्यांच्या कडा, फोनचा रिसीव्हर. मनिषा मागोमाग फिरत होती. शेवटच्या नमुन्याला तिचा आवाज बदलला.

"आशालता काकूंनी माझा हात धरून ठेवला होता शेवटी. तेव्हापासून घरी मुलाला जवळ घेताना भीती वाटते. मीच तर नेत नसेन ना इकडून तिकडे?"

शोशानाने तिचेही हात पुसून घेतले. तिला खोटा धीर देता आला नाही.

"असा जंतू आपल्याकडे आधी आला होता ना?" मनिषाने विचारलं. "ते उलव्याचे आजोबा. काशीराम घरत."

शोशानाला ते पहिल्या दिवशीच आठवले होते. काशीराम दुसऱ्या इस्पितळातून हा जंतू छातीत घेऊनच आले होते. पण त्यांना चौथ्या मजल्याच्या टोकाला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. आयसीयूत ते कधी आलेच नाहीत. महिनाभर झुंजले आणि अठरा दिवसांपूर्वी आपल्या पायांनी घरी गेले. त्यांच्या बायकोने, गोदूबाईंनी, मजलाभर पेढे वाटले. शोशानाच्या हातावरही एक ठेवला होता. ते गेल्यावर खोली दोनदा धुतली होती आणि तिथले नमुने शोशानाने स्वतः तपासले होते. स्वच्छ निघाले होते.

बुधवारी सकाळी एक्केचाळीस ताटल्या ओळीने मांडल्या. सोबत निनादच्या आणि मनिषाच्या हातांच्या.

एकीवरही क्लेबसिएला नव्हता.

वल्लरीने सुटकेचा निःश्वास टाकला. शोशानाने मात्र ताटल्या पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतल्या. जंतू सापडला असता तर पुसता आला असता. तो होता, माणसं मारत होता, आणि कुठे बसलाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

हातात चोवीस तासही उरले नव्हते.

३

"सिस्टर, चार नंबरला कोण आहे?"

"तळोज्याच्या कारखान्यातला क्रेनवाला. डोक्याला मार. एकोणीस दिवस झाले व्हेंटिलेटरवर."

"ताप?"

"एकदाही नाही."

शोशाना त्या खाटेकडे बघत राहिली. चार नंबर. एका बाजूला तीन नंबरची खाट, उदयसिंहांची. दुसऱ्या बाजूला पाच नंबर, जिथे आशालताबाई गेल्या. मधोमध हा माणूस एकोणीस दिवस पडून होता, घशात नळी, अंगात चार सुया. जंतू आयसीयूत असता तर त्याने आधी यालाच गाठलं असतं.

"मला तिघांचे तापाचे तक्ते दे. आणि इस्पितळात कधी आले त्या तारखा."

मनिषाच्या टेबलावर तिने कागदाच्या पाठीवर आकडे लिहून काढले. कमळाकर शस्त्रक्रियेआधी तीन दिवस वॉर्डात होते, शस्त्रक्रियेनंतर साठ तासांनी ताप. आशालताबाई साखर उतरेपर्यंत पाच दिवस वॉर्डात, चव्वेचाळीस तासांनी ताप. उदयसिंह आठ दिवस वॉर्डात, तीस तासांनी ताप.

मनिषा खांद्यावरून वाचत होती. "हे उलटंच आहे की."

"उलटं नाही, सरळ आहे. आयसीयूत एकोणीस दिवस काढलेला वाचतो. आणि वॉर्डात जितके जास्त दिवस, तितका इथे ताप लवकर."

"म्हणजे..." मनिषाने खुर्ची धरली. "ते घेऊनच आले माझ्याकडे?"

"घेऊनच आले. वर असताना नुसता घशात बसला होता. इथे नळी घातली, अंगातली ताकद गेली, आणि तो फुप्फुसांत उतरला. दिसला इथे, म्हणून आपण इथे शोधत बसलो."

मनिषाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपला दोष नव्हता याचं की इतक्या दिवसांच्या भीतीचं, तिचं तिलाच कळलं नसावं. मग तिला काहीतरी आठवलं आणि तिने शोशानाकडे बघितलं.

"मॅडम, काका कधीपासून आहेत वर?"

"शनिवारपासून," शोशाना म्हणाली. "आज पाचवा दिवस."

४

चौथा मजला रोजच्यासारखाच होता. ट्रॉलीवर वरणभाताचा वास, कुणाच्या तरी मोबाइलवर भजन, व्हरांड्यात नातलगांच्या चटया. शोशाना निसीमच्या खोलीवरून पुढे गेली. आत डोकावली नाही. आत गेलो तर बुद्धी चालायची थांबेल, हे तिला माहीत होतं.

नऊ जणांनी हेच जेवण जेवलं, हेच पाणी प्यायलं. ह्याच सिस्टर, ह्याच चादरी. सहांना काही झालं नाही. मग त्या तिघांकडेच असं काय होतं?

वॉर्डाच्या कोठीत आशालताबाईंची पिशवी अजून पडून होती. नातलगांनी नेली नव्हती. शोशानाने हातमोजे घालून एकेक वस्तू बाहेर काढली. चष्मा. पावडरचा डबा. लोकरीचे मोजे. अध्यात्माचं एक पुस्तक, मधे बसचं तिकीट खुणेला. आणि तळाशी प्लॅस्टिकचं एक पाकीट, त्यात स्पायरोमीटर.

प्रत्येक हृदयाच्या पेशंटला तो घ्यावा लागतो. पारदर्शक तीन नळकांडी, त्यांत तीन रंगीत गोळ्या. रबरी नळीचं टोक तोंडात धरून जोरात श्वास आत ओढला की गोळ्या वर उठतात. शस्त्रक्रियेआधी फुप्फुसं तयार करायचा हा व्यायाम. वॉर्डात सगळे त्याला गोळ्यांचं यंत्र म्हणतात.

पाकिटाची वरची पट्टी चारही बाजूंनी चिकटलेली होती. ते कधी फोडलंच नव्हतं.

तिने आशालताबाईंच्या कागदांतला व्यायामाचा तक्ता काढला. दीपेशच्या तिरक्या अक्षरात नोंदी होत्या. सोमवार, एक गोळी. बुधवार, दोन. शुक्रवार, तिन्ही.

फिजिओथेरपिस्ट दीपेश कॅन्टीनमध्ये मिसळीत पाव बुडवत होता. शोशानाने तक्ता त्याच्यासमोर ठेवला.

"खोट्या नोंदी करतोस?"

पाव वाटीतच राहिला. "मॅडम, चौतीस पेशंट आहेत माझ्याकडे. कधी कधी दारातूनच बघून लिहितो, कबूल आहे. पण न बघता नाही लिहीत."

"हे बघितलंस?"

"स्वतःच्या डोळ्यांनी! आशालता काकूंनी तिन्ही उचलल्या तेव्हा बाजूच्या खाटांवरून टाळ्या पडल्या. काकू म्हणाल्या, माझ्या लग्नातसुद्धा एवढ्या टाळ्या नव्हत्या."

शोशानाने पाकीट पुढे केलं. "त्यांचं यंत्र हे."

दीपेशने ते उलटसुलट फिरवलं. नखाने पट्टी चाचपली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"मग काकूंनी ओढलं ते कुठलं?"

"तेच विचारतेय. कसं दिसत होतं?"

"सगळी सारखीच असतात मॅडम. फक्त... त्याच्या नळीला लाल दोरा होता. मला वाटलं, देवाचा असेल. कुणाच्या श्रद्धेला कशाला हात लावा?"

"उदयसिंहांच्या यंत्राला दोरा होता?"

दीपेशने आठवलं. "होता."

"कमळाकर मढवींच्या?"

त्याने होकारार्थी मान हलवली. आता तोही घाबरला होता.

चौथं नाव तिने विचारलं नाही. लिफ्ट वर गेलेली होती. सत्तावन्न वर्षांची शोशाना आपटेकर जिन्याने चार मजले धावत चढली.

५

निसीम उशाला टेकून शब्दकोडं सोडवत होता. बंदरावर तीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढलेला माणूस, शब्दकोडंही पट्टी लावल्यासारखं भरायचा.

"सात अक्षरी शब्द, अर्थ..." त्याने मान वर केली. "काय झालं?"

शोशानाने खाटेशेजारचं कपाट उघडलं. टॉवेल, दाढीचं सामान, टोपी. खालच्या कप्प्यात शनिवारी तिने स्वतः औषधांच्या दुकानातून आणून ठेवलेलं पाकीट. पट्टी चारही बाजूंनी चिकटलेली.

"निसीम, तू व्यायाम कशाने करतोस?"

त्याने नजर कोड्याकडे वळवली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. असा चेहरा तो फक्त पकडला गेल्यावर करायचा. त्याने उशीखाली हात घातला आणि रुमालात गुंडाळलेलं यंत्र बाहेर काढलं. नळीला लाल दोरा होता. नळीच्या वळ्यांत पाण्याचे थेंब चमकत होते.

"खाली ठेव!" ती इतक्या जोरात ओरडली की व्हरांड्यातलं भजन थांबलं. "तोंडाला लावू नकोस! कुणी दिलं हे?"

"दिपिकाने. उदयसिंहांची सून. शनिवारी त्यांना ऑपरेशनला नेलं आणि ती हे घेऊन आली. म्हणाली, काका, याला गुण आहे. पहिल्यांदा हे एका आजोबांचं होतं, मरणाच्या दारातून परतले. याच्यावरच तिन्ही गोळ्या उचलल्या आणि चालत घरी गेले. त्यांच्या बायकोनेच दोरा बांधून पुढे दिलं. खाली जाणाऱ्याने वर राहिलेल्याला द्यायचं, अडवून ठेवायचं नाही, असा नेम आहे म्हणे. दोन्ही हातांनी पुढे केलं गं तिने. नाही कसं म्हणू?"

"मी आणलेलं होतं ना?"

"त्याला गुण नव्हता."

"इंजिनिअर आहेस तू!"

"इंजिनिअरची छातीही तशीच उघडतात, शोशू."

ती खाटेच्या कडेवर बसली.

"एवढा घाबरला होतास तर मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरली होतीस," निसीम म्हणाला. "दोघांनी एकदम घाबरून कसं चाललं असतं?"

तिने हातमोजे चढवले, यंत्र पिशवीत घालून तोंड बांधलं. मग बोळा काढला.

"तोंड उघड. मोठं."

बोळा घशाच्या मागे लागला तेव्हा त्याला उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं. तिने बोळा नळीत बंद केला आणि झाकणावर नाव लिहिलं. गेल्या दोन दिवसांत तिने कितीतरी नावं लिहिली होती. हे लिहायला वेळ लागला.

"कधी कळेल?" त्याने विचारलं.

"उद्या दुपारी."

"आणि तोवर?"

"तोवर काही नाही," शोशाना म्हणाली. ह्याच उत्तराची तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

६

गुरुवारची शस्त्रक्रिया निनादने एक दिवस पुढे नेली. दुपारी तो आणि मनिषा प्रयोगशाळेत आले. वल्लरीने दोन ताटल्या पालथ्या करून ठेवल्या होत्या.

"आधी सांगा, एवढे दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" निनादने विचारलं.

"कारण यंत्र नेहमी आजाराच्या एक पाऊल पुढे होतं," शोशाना म्हणाली. "काशीराम बरे झाले, पण जंतू त्यांच्या घशात होताच. त्यांच्या श्वासाने तो नळीत शिरला. घरी जाताना गोदूबाईंनी यंत्र कमळाकरांच्या बायकोला दिलं. कमळाकर ऑपरेशनला खाली गेले त्याच दिवशी ते आशालताबाईंकडे गेलं, त्या खाली गेल्या तेव्हा उदयसिंहांकडे. पेशंटला ताप भरेपर्यंत यंत्र पुढच्या खाटेवर पोचलेलं असायचं. ज्या सहा जणांना ते मिळालं नाही, ते वाचले."

"पण दोन माणसं गेली, हे चौथ्या मजल्यावर कळलं नाही?"

त्याचं उत्तर मनिषाने दिलं. "नाही कळत, सर. माझ्याकडच्यांचे नातलग दुसऱ्या मजल्यावर बसतात. आणि ऑपरेशनच्या तोंडावर कुणी विचारत नाही, आधीच्याचं काय झालं म्हणून. अशा वेळी तसलं तोंडातून काढत नाहीत."

"शिवाय प्रत्येक घराने ते मनापासून धुतलं," शोशाना म्हणाली. "काल दिपिकाला विचारलं. रोज नळाखाली धुवायचं, रुमालात गुंडाळायचं. वळ्यावळ्यांची नळी, आत हवा नाही. ती एक दिवसही वाळली नाही. वाळली असती तर कदाचित जंतू कमी झाला असता."

तिने पहिली ताटली उलटी केली. यंत्राच्या नळीची. गुलाबी, बुळबुळीत ठिपक्यांनी काठोकाठ भरलेली.

दुसरीला हात घालायला ती थांबली. "वल्लरी, तूच."

वल्लरीने ताटली उलटी केली, उजेडात धरली आणि तिचे ओठ मिटले. एका कडेला चारपाच गुलाबी ठिपके होते. थोडेच. पण तेच.

बाहेर प्रयोगशाळेच्या खिडकीत रक्त द्यायला आलेला माणूस "किती वेळ?" म्हणून विचारत होता.

"म्हणजे काका जंतू बाळगून आहेत," निनाद शेवटी म्हणाला. "आजारी नाहीत."

"नळी घातली की होतील."

"आणि नाही घातली तर धमनी बंद होईल." त्याचा आवाज आता बोभाट्याची काळजी करणाऱ्याचा नव्हता. "मॅडम, तुमच्याकडे काही आहे का? काहीही."

"एक आहे. बारा चकत्या एकेकट्या हरल्या. मंगळवारी वल्लरीने एक जुनं औषध आणि एक नवं, दोन्ही शेजारी शेजारी लावून बघितलं. दोन्हींच्या मधल्या जागेत जंतू वाढला नाही. उदयसिंहांना कालपासून तीच जोडी चालू आहे. ताप उतरलाय असं अजून म्हणता येत नाही. वाढला नाही एवढंच."

"मग उद्या सकाळी. वेगळी खोली, फक्त त्यांच्यासाठी एक सिस्टर..."

"मी," मनिषा म्हणाली.

"...औषधांची जोडी छाती उघडायच्या आधीपासून, आणि घशातली नळी चार तासांत बाहेर. चारच्या पुढे एक मिनिटही ठेवणार नाही."

शोशाना वर गेली आणि निसीमला सगळं सांगितलं. आकड्यांसकट. काहीही हातचं राखलं नाही.

त्याने कोड्याचा कागद बाजूला सारला. "इतकं सगळं सांगायचीच गरज होती?"

"होती. मला एकटीला पेलवत नव्हतं."

निसीमने हात पुढे केला. तिने हातमोजा न काढता तो धरला.

७

शुक्रवारी दुपारी दोनला शस्त्रक्रिया संपली. सहाला पाच मिनिटं कमी असताना निनादने नळी काढली. शस्त्रक्रिया संपल्यापासूनचे तास शोशाना मोजू लागली.

तीस तास. काही नाही. आयसीयूच्या काचेपलीकडे मनिषा दर दोन तासांनी तापमान लिहायची आणि कागद काचेला लावून दाखवायची. चव्वेचाळिसाव्या तासाला कागदावर शंभर पूर्णांक चार आलं. व्हरांड्यात बसलेल्या शोशानाला आशालताबाईंचे लोकरीचे मोजे आठवले, मधेच बसचं तिकीट असलेलं पुस्तक आठवलं. पुढचा कागद नव्व्याण्णव. त्याच्या पुढचाही.

साठ तास गेले. सोमवारी दुपारी दोनला बाहत्तर झाले आणि मनिषाने कागदावर आकडा न लिहिता नुसतं दार उघडलं.

"या आत. कोडं सोडवायला पेन्सिल मागतायत. पट्टी पण."

उदयसिंहांचाही ताप दोन दिवसांपूर्वी उतरला होता. ते अजून व्हेंटिलेटरवर होते, पण डोळे उघडून दिपिकाकडे बघायचे. चौथ्या मजल्यावर आता घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटचं यंत्र दीपेश समोर मोडून टाकत होता. पहिल्या दिवशी एका बाईने त्याच्याशी त्यावरून भांडण केलं.

निसीम वाचल्यावर शोशानाकडे थांबायला कारण राहिलं नाही. काशीरामच्या घशात जंतू अजून असणार. त्यांना तपासणं भाग होतं, म्हणजे सांगणंही भाग होतं. मंगळवारी ती उलव्याला गेली. चारी बाजूंनी बांधकामं चालली होती. खिडक्यांना पडदे म्हणून ओल्या चादरी लावल्या होत्या, तरी फरशीवर धूळ होती. काशीराम गॅलरीत खुर्चीवर बसून क्रेनी बघत होते.

"डाक्टरीन बाय, तुमी सोता आल्या?" गोदूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "तुमचं मालक बरं हायत ना? कोनी तरी सांगलं, त्यांचं बी ऑपरेशन झालं."

"बरे आहेत. काल उठून बसले."

"एकविरा आय पावली."

मग शोशानाने सांगितलं. साध्या शब्दांत, एकेक करून, नाव घेऊन. गोदूबाई हातातल्या पदराची घडी घालत राहिल्या.

"मी तं रोज धुवाला सांगलेला," शेवटी त्या म्हणाल्या.

"धुतलं सगळ्यांनी. त्यात तुमची चूक नाही. पेशंट घरी जाताना ते यंत्र मोडायला हवं होतं. ते काम इस्पितळाचं, म्हणजे माझं. मी नाही केलं."

"आमचा मानूस परत आला तं वाटला मना, त्यातला थोरा दुसऱ्याला द्यावा. यकट्यानं सगला ठेवू नये." त्यांनी गॅलरीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "दोगं गेलं?"

"हो."

"त्या कमलाकरची बायको. तिला म्हाईत हाय?"

"अजून नाही. उद्या मी जाणार आहे तिच्याकडे."

गोदूबाई उठून आत गेल्या. कपाटाचं दार वाजलं. बाहेर आल्या तेव्हा साडी बदललेली होती, केस ओल्या हाताने बसवलेले होते. नवऱ्याला त्यांनी पाणी जवळ करून दिलं, कुठे जाते ते सांगितलं नाही. दारात चपला पायात सरकवल्या.

"तुमी नको. दिलं मी, सांगनार पन मीच. तुमी फकस्त बाजूला उब्या ऱ्हा."

"उद्या सकाळी नेते तुम्हाला."

"उद्या कशाला?" गोदूबाई म्हणाल्या. "गारी आनलीव ना? चला."